भिंतीवरची तसबीर, घरातला संस्कार

(हिंगोली येथे कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतशिरोमणी नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून ज्या नर्सी गावाला अवघा महाराष्ट्र वंदन करतो, ते कयाधू नदीकाठचे गाव याच हिंगोली जिल्ह्यात आहे. परतवारीच्या एकादशीला तेथे भाविकांची दाटी होते. दर्शन घेऊन परतणारा वारकरी यात्रेतून तुळशीची माळ घेतो, बुक्का घेतो, आणि अनेकदा एक तसबीरही घेतो. त्या तसबिरींमध्ये एक चित्र पिढ्यान्‌पिढ्या आवडीचे राहिले आहे. विटेवर उभा विठ्ठल, त्याच्यापुढे नैवेद्य घेऊन उभा असलेला सात-आठ वर्षांचा बाल नामदेव, आणि त्याला घास भरवून घेण्यासाठी खाली वाकलेला देव.

या चित्राची कथा मराठवाड्यातील लेकराला वेगळी शिकवावी लागत नसे. वडील दामाशेटी परगावी गेलेले. घरचा नैवेद्य देवळात नेण्याचे काम मुलाकडे आले. नैवेद्य दाखवायचा म्हणजे देवाने तो खायचा, एवढेच त्याला ठाऊक. देव खाईना, तेव्हा मूल रडले, रुसले, पायरीवर डोके आपटून घ्यायला निघाले. आणि देवाला खावेच लागले. मोठ्यांनी जे रिवाज म्हणून सांगितले, ते लहानग्याने सत्य म्हणून स्वीकारले. मोठ्यांची श्रद्धा सवयीची होती, मुलाची श्रद्धा रोकडी होती. चित्रकाराने नेमका हाच क्षण पकडला. या चित्रात जितका बालकाचा गौरव आहे, तितकीच थोरांना दिलेली समजही आहे.

अशीच आणखी दोन चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. पहिले जनाबाईचे. जात्याची एक बाजू जनाबाईच्या हाती आणि दुसरी पांडुरंगाच्या हाती. जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली. दुसरे चित्र पुंडलिकाचे. आईवडिलांचे पाय चेपण्यात तो गुंतलेला, आणि दारात आलेला परमेश्वर विटेवर ताटकळत उभा. बालपण, घरकाम आणि वृद्ध मातापिता हे कुटुंबजीवनाचे तीन आधार. या तीन तसबिरींनी त्यांना देवघराची प्रतिष्ठा दिली. त्यांत राजवाडा नाही, सिंहासन नाही. शिंप्याचे मूल आहे, दळण दळणारी दासी आहे, सेवा करणारा मुलगा आहे. आज समरसता या शब्दाने जे सांगितले जाते, ते या चित्रांनी एकही शब्द न वापरता सांगितले.

मात्र या तसबिरी सामान्य माणसाच्या भिंतीवर सहजासहजी आल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत छापील चित्रांच्या बाजारात परदेशी मालाचा मोठा भरणा होता. अशा काळात, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळेची स्थापना झाली. पुढे वासुकाका जोशी यांनी ती नावारूपाला आणली. निबंधमालेतून स्वभाषेचा अभिमान जागवणाऱ्या शास्त्रीबुवांनी चित्रांचाही विचार करावा, ही बाब सूचक आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही चित्र वाचता येते, हे त्यांनी ओळखले होते. रामपंचायतनासारखी देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रे चित्रशाळेने लोकांच्या हाती दिली.

त्यानंतर १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, आणि तोच कागद पुनःपुन्हा यंत्राखालून अचूक जागी काढायचा, अशी ही शिळाछाप पद्धत होती. एक रंग केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. १९०३ मध्ये हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, तरी लक्ष्मी, सरस्वती, यशोदा-कृष्ण यांची चित्रे घरोघर जातच राहिली. यंत्र परके होते, आशय आपला होता. बाहेरचे तंत्र घ्यावे आणि त्यातून आपले मन घडवावे, याचे इतके चांगले उदाहरण विरळाच. याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. भिंतीवरचे चित्र अशा रीतीने चालू-बोलू लागण्याच्या वाटेला लागले.

स्त्रियांनी या चित्रांना केवळ ग्राहक म्हणून हात लावला नाही. छापील लक्ष्मीला जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे लावून साडी-दागिने चढवण्याची पद्धत अनेक घरांत होती. कारखान्यातून हजारो प्रती एकसारख्या निघत. घरात आल्यावर त्यातली एक आपली होऊन जाई.

विसाव्या शतकात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोमंतकीय चित्रकारांनी मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका सजवल्या. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेल्या या चित्रासाठी चित्रकाराची कन्या गीता हातात दिवा धरून उभी राहिली होती. त्याच्या छापील प्रती असंख्य घरांत गेल्या. पुष्कळांना ते रविवर्म्याचे वाटते. चित्रकाराचे नाव विसरले गेले, पण दिव्याभोवती आडोसा धरणारा लेकीचा हात लोकांच्या स्मरणात राहिला.

मराठवाड्याच्या संदर्भात या चित्रांचे मोल अधिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी शाळा थोड्या, अक्षरओळख असणारी माणसे त्याहून थोडी. अशा काळात पोथी ऐकवणारा कीर्तनकार, ओवी गाणारी आजी आणि भिंतीवरची तसबीर हेच येथील समाजाचे विद्यापीठ होते. औंढा नागनाथाच्या मंदिरात विसोबा खेचरांकडून नामदेवांना झालेला उपदेश येथील मुलाने आधी ऐकला आणि पाहिला. वाचला तो फार नंतर.

या कलेवर टीकाही झाली. जाणकारांनी तिला ‘कॅलेंडरची चित्रे’ म्हणून बाजूला सारले. तिच्यात गोडवा अधिक आणि वास्तव कमी, असा आक्षेप घेतला गेला. त्या आक्षेपातील सत्य प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. छापील दिनदर्शिकेवरच्या खेड्यात शिवार सदा हिरवे असते, बैल धष्टपुष्ट असतात, शेतकऱ्याचे धोतर पांढरेशुभ्र असते. सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू रानात पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला ते शिवार आपले वाटणार नाही. कर्जाची नोटीस, आटलेली विहीर, सोयाबीनचा पडलेला भाव यांतले काहीच त्या चित्रात नसते. खेड्याचे चित्र दिवाणखान्यात लावायचे आणि खेड्यातल्या माणसाकडे पाठ फिरवायची, हा दांभिकपणा सुशिक्षित मध्यमवर्गाकडून घडला आहे. हा दोष चित्राच्या माथी मारता येणार नाही. तो पाहणाऱ्याचा आहे.

पुंडलिकाच्या तसबिरीचेही तसेच. या जिल्ह्यातील किती तरी मुले शिकली, पुण्याला, हैदराबादला, परदेशी गेली. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण गावाकडच्या घरात ओसरीवर दोन म्हातारे जीव फोनच्या घंटीकडे कान लावून बसलेले असतात, आणि शहरातल्या सदनिकेत पुंडलिकाची तसबीर महागड्या चौकटीत शोभत असते. पुंडलिकाने देवाला थांबवले, आईवडिलांना नाही. आज आईवडील थांबतात आणि बाकी सारे आधी होते. चित्र भिंतीवर आहे आणि त्याची कथा घरातून निघून गेली आहे, अशी ही अवस्था आहे.

१९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. तिथी, सण, पाककृती आणि वाचनीय लेख घेऊन दिनदर्शिका अधिक उपयोगी झाली, आणि हे मोठेच काम झाले. पुढे दूरदर्शन आले, मग हातातला पडदा आला. त्या पडद्यावर एका मिनिटात डझनभर चित्रे सरकून जातात. भिंतीवरची तसबीर मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नसे. मूल तापाने फणफणून अंथरुणाला खिळले की दिवसभर तिच्याकडेच पाहत राही. मग विचारी, “आजी, देव खरंच जेवला का गं?” त्या प्रश्नातून गोष्ट सुरू होई, आणि गोष्टीतून संस्कार. स्थिर चित्र प्रश्न विचारायला सवड देते. सरकते चित्र ती सवड देत नाही.

तेव्हा करायचे काय? जुने दिवस आठवून उसासे टाकल्याने काही साधणार नाही. प्रत्येक घराने तीन साध्या गोष्टी कराव्यात. एक चित्र निवडावे आणि ते मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावे. मोठ्यांच्या डोक्यावर टांगलेले चित्र मुलाला दिसतच नाही. त्याची कथा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगावी. ते दूर असतील तर सुट्टीत मुलांना त्यांच्यापर्यंत न्यावे. आणि जे चित्रात आहे, त्यातले थोडे तरी घरात दिसावे. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, मग त्याच घरातल्या पुरुषाला स्वयंपाकघरात हात लावायला संकोच का वाटावा? मोलकरणीशी बोलताना आवाज का चढावा? मूल चित्राकडे पाहते आणि नंतर वडिलांकडे पाहते. दोन्ही जुळले तरच त्याचा विश्वास बसतो.

पंढरपूरला महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या चरणांचा स्पर्श व्हावा म्हणून त्यांनी ती जागा घेतली, असे परंपरा सांगते. ज्या मुलाने देवाला जेवू घातले, त्याने शेवटी गाभाऱ्यात नव्हे, पायरीशी जागा मागितली. नर्सीहून घरी नेलेल्या तसबिरीचा अर्थ मुलांना सांगताना ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे. ते मूल उद्या विचारील, “आपण आजी-आजोबांना कधी जेवू घालायचं?” त्या दिवशी ती तसबीर घरात खऱ्या अर्थाने लागली असे समजावे.