मासळीवाल्या भगिनींची एकजूट
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं, ज्यांच्या कष्टांच्या पैशांवर हें मंदिर उभें राहिलें, त्यांचें स्मरण होणें योग्यच आहे. होड्यांच्या मालकांचीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु डोक्यावर पाटी घेऊन बाजार गांठणाऱ्या आपल्या आयाबहिणींचीं नांवें कोठें लिहिलेलीं आढळत नाहींत. म्हणून आज त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटलें.

जाळें ओढण्याचें काम पुरुषांचें खरें. पण होडी किनाऱ्यास लागली कीं पुढचा बहुतेक धंदा स्त्रियांच्या हातीं येतो. मासळी निवडणें, करंदी सोलणें, बोंबील वलांडीवर वाळत घालणें, वाटे मांडून गिऱ्हाईक सांभाळणें, हें सर्व त्याच करितात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळांत पुष्कळ घरांची चूल त्यांच्या सुक्या मासळीवरच पेटते. तरीही मच्छीमार म्हटला कीं डोळ्यांपुढें पुरुषच उभा राहतो.

ही केवळ मानाची गोष्ट नव्हे. ज्याची गणना नाहीं, त्यास मदतही नाहीं. अवकाळी पावसानें बोंबील कुजले, तर तें नुकसान कोणाच्या नांवें मांडावयाचें? जुना बाजार पाडून नवा बांधतांना जागा कोणास द्यावयाची? दलालापुढें दरासाठीं, सावकारापुढें व्याजासाठीं आणि कचेरींत जागेसाठीं एकटी बाई उभी राहते, तेव्हां तिचें कोणी ऐकत नाहीं.

कोणी म्हणेल, शेजारीं शेजारीं बसून एकच माल विकणाऱ्या बायकांत एकी कशी व्हावी? गिऱ्हाइकावरून त्या भांडतात, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण एकीस ताप आला, तर तिची पाटी दुसरीच विकून देते, हेंही आपण पाहिलें आहे. एकजुटीचें बीं तेथेंच आहे.

१९८० च्या सुमारास केरळांत त्रिवेंद्रमकडील मासळीवाल्या भगिनींस पाटीसह बसमध्यें घेण्यास नकार मिळे. त्या संघटित झाल्या, त्यांनीं मोर्चे काढिले, आणि त्यांच्यासाठीं खास बसगाड्या सुरू झाल्या. केरळांतील मच्छीमारांच्या चळवळींत धर्मभगिनी व फादर थॉमस कोचेरी यांच्यासारखे धर्मगुरूही उभे राहिले.

२०१४ सालीं आपल्या देशांत पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावे व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या, असें त्यांत आहे. कायद्यानें दार उघडलें; आंत पाऊल टाकणें हें आपलें काम.

तेव्हां आमची नम्र सूचना अशी. प्रथम, प्रत्येक आळींत विकणाऱ्या, सुकविणाऱ्या व सोलणाऱ्या सर्व भगिनींची यादी करावी. दुसरें, आठवड्यास थोडीथोडी शिल्लक बचतगटांत टाकावी, म्हणजे सावकाराची पायरी चढावी लागणार नाहीं. तिसरें, बर्फ व टेम्पो यांचा खर्च वांटून घ्यावा, आणि शेजारच्या गांवांतील भगिनींशीं संबंध ठेवून दर एकमेकींस कळवावे. आणि बंधूंनो, तुमच्या सोसायटीच्या सभेंत त्यांस बसावयास जागाच नव्हे, तर मतही द्या.

प्रभूच्या शब्दावरून पेत्रानें जाळें टाकिलें, तेव्हां तें फाटूं लागलें. त्यानें दुसऱ्या होडींतील सोबत्यांस खूण केली. ते आले, आणि दोन्ही होड्या भरल्या. आपल्या भगिनी आज तशीच खूण करीत आहेत. पुढील महोत्सवापर्यंत त्यांचीं नांवें या पुस्तकांत आढळोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.