जबलपूरचा खटला
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आरती झाली आहे, प्रसाद यायचा आहे, तेव्हा फार वेळ घेत नाही. मी इथल्या हायकोर्टात वकिली करतो. बाहेरगावचे वकील भेटले की म्हणतात, "अच्छा, एडीएम जबलपूरवाले!" आपल्या शहराचं नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचं आहे, पण भेडाघाटासारखं मिरवावं असं ते नाही.

1975 साली आणीबाणी आली. 'मिसा'खाली हजारो माणसं चौकशीविना तुरुंगात गेली. इथल्या शिवकांत शुक्लांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. त्याचा अर्थ इतकाच, की या माणसाला कशासाठी धरलंत ते कोर्टासमोर सांगा. सरकार म्हणालं, आणीबाणीत हा प्रश्नच विचारता येत नाही. आपल्या हायकोर्टासह नऊ हायकोर्टांनी ते मानलं नाही, म्हणून सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

तिथे न्या. हंसराज खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला, तर दाद कुठे मागायची? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

28 एप्रिल 1976 ला निकाल लागला. चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं, एकटे खन्ना विरुद्ध. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. हे सांगायला जड जातं, पण सांगायला हवं. जानेवारी 1977 मध्ये खन्नांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं जगण्याचा हक्क आणीबाणीतही सुरक्षित केला. निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्याच वेळी जबलपूरचा निकाल पुसला. तो चुकीचा होता असं सविस्तर लिहिणारे होते यशवंतरावांचेच चिरंजीव, न्या. धनंजय चंद्रचूड. वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आपल्या घरांत वडिलांचा शब्द मोडणं किती अवघड, ते तुम्ही जाणता.

पण 1976 चा प्रश्न शरीर कोंडण्याचा होता, आता आपली माहिती कोंडली जाते आहे. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं बँक खातं आणि मोबाइलसाठी आधारची सक्ती रद्द केली. तरी मागच्या महिन्यात एका लॉजवर मुनीमजींनी माझं कार्ड घेतलं, झेरॉक्स काढली आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात टाकून दिली. मी वकील असून गप्प बसलो, कारण रात्रीचे अकरा वाजले होते. डिजिटल माहितीसाठी 2023 साली कायदा झाला, पण असे कागदाचे गठ्ठे आजही जागोजागी पडून आहेत.

आता जरा घरचंच बोलतो, कार्यकर्त्यांनी राग मानू नये. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी 'परिवार-परिचय' छापतो : पत्ते, फोन, मुलांच्या जन्मतारखा, अमेरिकेत मुलगा आहे हेसुद्धा. एकट्या राहणाऱ्या आपल्या काकूंचा त्यात फोटोसह पत्ता आहे. त्यांना आपण कधी विचारलं? या वर्षी वर्गणीच्या पावतीसोबत एक छोटा फॉर्म द्यावा, काय छापायचं ते ज्यानं त्यानं लिहून द्यावं. फॉर्मचा मसुदा मी करून आणला आहे, सचिवांकडे देतो.