अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर



रुग्णास अभ्यंग करण्यास आम्ही अतिदक्षता विभागात जातो, तेव्हा दाराबाहेर बसलेले आप्त आम्हांस नित्य दिसतात. डॉक्टर येऊन "प्रकृती गंभीर आहे" इतके सांगतात व लगबगीने आत जातात. त्यांस दोष देववत नाही. आत जीव टांगणीस लागलेले असतात.

तथापि फ्रान्स देशातील २२ अतिदक्षता विभागांत झालेले एक परीक्षण सन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते मननीय आहे. मरणोन्मुख अशा १२६ रुग्णांपैकी काहींच्या आप्तांस शोकाविषयी पुस्तिका देऊन डॉक्टर त्यांच्याशी साधारणतः ३० मिनिटे बसले. इतरांशी नेहमीप्रमाणे २० मिनिटे. अंतर अवघे दहा मिनिटांचे! परंतु पहिल्या बैठकीत आप्त स्वतः १४ मिनिटे बोलले, दुसरीत केवळ ५. (हे मोजमाप आम्हां धर्मगुरूंसही लावून पाहावे.) रुग्ण मनुष्य म्हणून कसा होता, हेही त्यांस विचारले गेले. नव्वद दिवसांनंतर मानसिक आघाताची लक्षणे पहिल्यांत शेकडा ४५, दुसऱ्यांत शेकडा ६९ आढळली.

यास्तव आपणांवर तो प्रसंग आल्यास घरातील एकाने पुढे होऊन, "डॉक्टरसाहेब, थोडा वेळ बसून बोलता येईल काय?" असे निःसंकोच विचारावे.