धरसोड म्हणण्याआधी

श्रोतेहो, 'हुशार आहे, पण एका नोकरीत टिकत नाही' असा एखादा तरुण आपल्या नात्यात असतोच. आपण त्याला धरसोड वृत्तीचा म्हणतो आणि विषय संपवतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला तो तिथे संपवता येत नाही.

ओळख कळू न देता एक उदाहरण सांगतो. वय चौतीस, यंत्रदुरुस्तीचा इंजिनिअर, आठ वर्षांत पाच नोकऱ्या. यंत्र बंद पडलं की हा रात्रीसुद्धा धावत जाणार. पण दुरुस्तीचा रिपोर्ट लिहायचा राहणार. रिपोर्ट नाही म्हणून बिल नाही, आणि बिल नाही म्हणून साहेबांची बोलणी. शेवटी, काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा दिलेला बरा! तो मला म्हणाला, "डॉक्टर, काम आवडायचं हो. कागद आवरत नव्हते."

त्याला एडीएचडी होता, म्हणजे अवधान टिकवण्यातली जन्मजात अडचण. हा फक्त लहान मुलांचा प्रश्न नव्हे. मोठेपणी धावपळ कमी होते, पण वेळेचा अंदाज चुकणं आणि कंटाळवाणं काम पुढे ढकलणं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने दहा देशांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार नोकरदारांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांना हा त्रास होता. गैरहजेरी आणि हजर असूनही कमी पडलेलं काम धरून त्यांचे वर्षाला सुमारे २२ दिवस जास्तीचे वाया जात होते.

मात्र प्रत्येक विसरभोळा माणूस एडीएचडीचा नसतो. याची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसावी लागतात. लक्ष अलीकडेच उडू लागलं असेल, तर अपुरी झोप, नैराश्य, थायरॉईड हेही तपासावं लागतं.

या तरुणाला औषध सुरू केलं. शिवाय साहेबांशी बोलून त्याने एक नियम ठरवून घेतला: रिपोर्ट पूर्ण केल्याशिवाय ग्राहकाच्या दारातून निघायचं नाही. विसरणं पूर्ण गेलेलं नाही, पण सहाव्या नोकरीत तिसरं वर्ष चालू आहे.

म्हणून राजीनामा लिहिण्याआधी स्वतःला विचारा, नकोसं काय झालंय? काम, की कामाभोवतीची एखादी गोष्ट? दुसरं उत्तर आलं, तर नोकरीआधी ती गोष्ट बदलून पाहा. मदतीसाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. आणि घरच्यांनो, 'आळशी' हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा.