छत्रातील मध्यरात्रीची घंटा

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोनतीन गोष्टी हटकून उभ्या राहतात. बृहदीश्वराच्या मंदिरातील भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरस्वती महालातील पोथ्यांचे भांडार आणि विद्याव्यासंगी सरफोजी राजे. हे वैभव खरेच. पण ते राजधानीचे वैभव झाले. तंजावर हा मुळात कावेरीच्या कालव्यांनी भिजलेला, भातशेतीचा मुलूख. त्या मुलखातील खेड्यापाड्यांतून, हमरस्त्यांच्या कडेला मराठ्यांनी जे मागे ठेवले, त्याविषयी श्रोत्यांशी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. ती ठेव म्हणजे तेथील छत्रे.

चेन्नईच्या ज्या तिरुवल्लिकेणी भागात माझे वास्तव्य आहे, तेथे पार्थसारथीच्या देवळाच्या आसपास तंजावरकडून आलेली काही मराठी घराणी नांदत आली आहेत. त्यांच्या पानात उडदाच्या पिठाची आणि दह्याची डांगर पच्चडी असते. आपल्या डांगराची ही सख्खी बहीण. त्यांच्या बोलीत तामिळचे सूर मिसळले आहेत. अशा घरांतील वडीलधाऱ्यांशी बोलताना राजवाड्यापेक्षा छत्राची आठवण अधिक जिव्हाळ्याने निघते, असा माझा अनुभव आहे.

छत्र हा शब्द आपणास ‘अन्नछत्र’ या रूपाने ठाऊक आहेच. तामिळमध्ये त्यालाच चत्तिरम् म्हणतात. काशीहून रामेश्वरास आणि रामेश्वराहून काशीस पायी जाणारे यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून जात. त्यांच्यासाठी भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांना बहुधा आपल्या घरातील स्त्रियांची नावे दिली. प्रतापसिंहाच्या कारकीर्दीत नीडामंगलम् येथे यमुनांबाळ छत्र झाले. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजींनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारले. नावाच्या अखेरचे ‘अंबाळ’ तामिळ आहे. त्याचा अर्थ आई. वाटसरूला जेवू घालणाऱ्या जागेला याहून शोभणारे नाव कोणते मिळणार?

या छत्रांतून चालत काय असे, हे आपणास एका सरकारी पत्रावरून कळते. १७९९ च्या तहाने सरफोजींनी आपला मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि ठराविक उत्पन्न एवढेच राहिले. पुढे १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहून छत्रांचा कारभार चालू राहावा म्हणून कळकळीने मागणी केली. ज्याचे राज्य गेले आहे, असा राजा काय राखू पाहतो, हे या पत्रात दिसते.

त्या पत्राचा सारांश असा. ब्राह्मणापासून परयापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे. शिजवलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना शिधा दिला जाई. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई की, अजून कोणी उपाशी असेल तर त्याने यावे. छत्रात वेद शिकविणारे असत, शाळेचा पंतोजी असे, आजारावर आणि विषारी दंशावर औषध देणारे वैद्य असत. पोरक्या मुलांना पंतोजीच्या हाती सोपवून तीन वेळा जेवण, चार दिवसांआड तेलाने न्हाणे, कपडे आणि शिक्षण दिले जाई. पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्र करी. तान्ह्या मुलांना दूध मिळे. छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहू देत. वाटेत कोणी दगावला, तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत.

सरकारी नोकरीत कागद वाचण्यात माझी वर्षे गेली. योजनांच्या कागदांत मोठे हेतू पुष्कळ आढळतात. परंतु ‘चार दिवसांआड तेल’ असा तपशील क्वचितच आढळतो. ज्याने पोरक्या मुलाच्या डोक्याला तेल लावण्याचा विचार केला, त्याने ते मूल डोळ्यांसमोर ठेवूनच नियम केला असला पाहिजे. शेवटची घंटा ही तर मला कारभाराची कसोटीच वाटते. आलेल्याला देणे हा दानधर्म झाला. न आलेल्याला हाक मारणे ही जबाबदारी झाली.

मात्र या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. अन्न सर्वांना मिळे, पण जातीचा भेद त्या व्यवस्थेने मोडला नव्हता; मृताचा संस्कारसुद्धा जातीप्रमाणेच होई. छत्रांना जोडलेल्या गावांच्या उत्पन्नावर ही चूल पेटत होती. म्हणजे चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या कुळांचे श्रम त्या पानात वाढले जात होते. पत्रात राजाचे नाव येते, वाढणाऱ्याचे आणि पिकविणाऱ्याचे येत नाही.

१८५५ साली दुसरा शिवाजी औरस पुत्राविना वारला आणि तंजावरचे राजपद संपले. छत्रांचा कारभार यथाकाल जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेकडे आला. पुढे आगगाडी आली. १९१४ साली पांबनचा पूल खुला झाला आणि यात्रेकरू गाडीतूनच थेट रामेश्वर बेटावर उतरू लागला. पायवाट ओस पडली. काही छत्रांच्या इमारतींत मग शाळा भरल्या, विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली. वाटसरू गेला, तरी घराबाहेर पडलेले मूल तेथे जेवले, निजले आणि शिकले. मूळ हेतूशी हे विसंगत नव्हते.

छत्रांचे हिशेब मराठीत, मोडी लिपीत आहेत. तंजावरच्या मोडी दप्तरातील निवडक कागद तामिळ विद्यापीठाने तामिळमध्ये आणविले, ही मोठी कामगिरी होय. परंतु मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत, आणि कागद काही आपली वाट पाहत थांबत नाही. दगडी खांब आणखी दोनशे वर्षे तगतील. रोज किती तांदूळ शिजला आणि कोणी जेवले, हे सांगणारे रुमाल तितके तगणार नाहीत. आपल्या तरुणांपैकी थोड्यांनी जरी मोडी शिकून तंजावरची वाट धरली, तरी त्या चुलीपाशी राबलेल्या एखाद्या अनाम माणसाचे नाव कदाचित हाती लागेल. त्याला हाक मारावयाची घंटा आता आपल्या हाती आहे.