पहिले उड्डाण आणि जाणता हात

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रेडिओ-नियंत्रित विमाने उडवण्याच्या छंदाविषयी मी आज बोलणार आहे. या छंदाकडे वळणारी मुले आणि त्यांचे पालक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो, ‘कोणते विमान घ्यावे?’ हा. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे, ‘कोणाकडून शिकावे?’

या छंदाचा आरंभच सहकार्यातून झाला. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित विमान उडवले. एकाला विमानबांधणीचे वेड, तर दुसऱ्याला हौशी रेडिओचे. एकाला जे उमगत नसे, ते दुसऱ्याच्या हाती असे.

आज तयार विमान दुकानात मिळते, म्हणून शिक्षकाची गरज संपली असे मात्र नाही. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर कांडी उजवीकडे नेली की ते उजवीकडे वळताना दिसते. तेच विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की तीच कृती आपल्या डोळ्यांना डावीकडचे वळण दाखवते. नवशिक्याचा हात इथे हमखास उलटा पडतो, आणि विमान जमिनीजवळ असेल तर विचार करायला वेळच उरत नाही. जाणकार शिक्षक एक सोपी खूण सांगतो. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला कांडी न्यावी. पंख सरळ होतो. ही खूण ऐकायला क्षण पुरतो, पण हातात मुरायला कितीतरी उड्डाणे लागतात.

त्यासाठी एक सुंदर व्यवस्था आहे. शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा असे दोन ट्रान्समीटर तारेने किंवा बिनतारी जोडतात. शिक्षकाने कळ दाबून धरली की विमान विद्यार्थ्याच्या ताब्यात. ती सोडली की तत्क्षणी पुन्हा शिक्षकाकडे. सायकल शिकवताना वडील मागून कॅरिअर धरून धावतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच पालकांना माझी विनंती आहे, की आधी शिक्षक शोधा आणि मग ट्रान्समीटर घ्या. वेग कमीजास्त करणारी कांडी काहींच्या यंत्रात डाव्या हाताला असते, तर काहींच्या उजव्या. दोघांची मांडणी एकच असेल तर शिकणे सुकर होते.

उड्डाणापूर्वीची तपासणी हाही गुरूकडूनच घ्यायचा धडा. शिकाऊ विमानाचा तोल सामान्यतः पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा लागतो. ते शेपटीकडे जड झाले तर सावरणे दुरापास्त. कांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची मागची हलती पट्टी वर उचलली गेली पाहिजे. ती खाली जात असेल तर जोडणी उलटी आहे. ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. बॅटरी जोडली की पंखा केव्हाही फिरू शकतो असे समजून हात दूर ठेवायचे. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली असेल तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडून जायचे नाही. इथे प्रश्न मुलांच्या बोटांचा आणि घराच्या सुरक्षिततेचा आहे.

असा माणूस शोधायचा कुठे? एनसीसीच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृतींचे प्रशिक्षण असते. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत या छंदाचे गट असतात. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला आपल्या शहरातले उडवणारे ठाऊक असतात. मैदानावर जाऊन तासभर नुसते पाहावे. जो कसरती दाखवतो तो उत्तम शिक्षक असेलच असे नाही. जो प्रत्येक उड्डाणापूर्वी न कंटाळता तपासणी करतो, माणसांच्या डोक्यावरून विमान नेत नाही आणि वारा वाढला की ‘आज नको’ म्हणतो, त्याच्याकडे मुलाला सोपवावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग आहेत, आणि प्रतिकृती विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते. कोणत्या मैदानावर उडवता येते, हे असा माणूस आधीच पाहून ठेवतो.

आपली मुले परप्रांतात मराठीतून शिकतात. अनोळखी मंडळींत जाऊन परक्या भाषेत ‘मला शिकवाल का?’ असे विचारताना त्यांची जीभ अडखळते. पहिल्याच दिवशी एकट्याने उडवलेले विमान मोडते, ते कपाटावर जाते आणि त्यासोबत एक कुतूहलही धूळ खात पडते. ही हानी विमानाच्या किमतीहून मोठी आहे. मुलासोबत पहिल्यांदा मैदानावर जाणे आणि त्याच्या वतीने तो पहिला प्रश्न विचारणे, एवढे तर प्रत्येक पालकाला करता येईल.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगतो. विमान असो, तबला असो वा सुतारकाम, आपल्याला जे येते त्याची नोंद शाळेकडे करून ठेवा. साठ वर्षांत या शाळेतून किती जाणते हात बाहेर पडले असतील! ते नवशिक्यांना सापडले पाहिजेत.