कामाला जाता-जाता व्यायाम



वडोदऱ्याच्या मराठी घरांना व्यायाम नवा नाही.
जुम्मादादा व्यायाम मंदिर, व्यायामगुरू प्राध्यापक माणिकराव...
ही नावं आपण आजही आदरानं घेतो.

आज आखाड्यात जायला वेळ नाही?
मग वेगळा वेळ काढूच नका.
रोजच्या कामातच व्यायाम बसवा.

दूध, भाजी, बँक...
जवळच्या कामाला सायकल काढा.
येताना कमाटीबागेशी थांबा.
सयाजीराव महाराजांनी 1879 साली रयतेसाठी केलेली ही बाग!
सायकलला कुलूप लावा,
आणि विश्वामित्रीकाठच्या झाडांखाली भरभर चाला.

आठवड्याला एकूण अडीच तास झाले, तरी शरीराला मोठा फायदा.
पुन्हा सांगते,
वेगळा वेळ नको, रोजच्या कामातच व्यायाम.

उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आत घरी परता.
आणि चाकांतली हवा आदल्या रात्रीच बघून ठेवा.